मेंढ्याचे सात टाके

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी डॉक्टर मजीद यांची बढती व्हायची राहिलीच होती. उस्मानपुऱ्यातल्या घरी सकाळचा चहा झाला की ते खात्याची ज्येष्ठता यादी उघडून बसत, आणि त्यांच्या पत्नी नजमाबी उठून दुसऱ्या खोलीत जात. यादी मजीदांना तोंडपाठ होती. तीत डॉक्टर सर्जेराव एक्केचाळिसावे होते आणि मजीद एकशे सातवे.

सर्जेराव नवखे म्हणून आले तेव्हा साप चावलेला पेशंट कसा हाताळायचा, ते मजीदांनीच त्यांना शिकवलं होतं. पुढं २००९ साली तेच सर्जेराव जिल्हा शल्यचिकित्सक झाले आणि मजीदांच्या गोपनीय अहवालात ‘काम समाधानकारक’ असं लिहू लागले.

“समाधानकारक म्हणे!” मजीद अजून फणफणत. “माझ्या हाताखाली शिकला अन् मला काठावर पास करतो!”

भांडण साधं होतं. मजीद १९९१ साली गंगापूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात तात्पुरते लागले आणि १९९५ साली कायम झाले. मधली चार वर्षं धरली तर ते सर्जेरावांच्या वर जात होते, मागच्या तारखेपासून बढती मिळत होती, पेन्शनही वाढत होती. पण खातं म्हणत होतं, त्या चार वर्षांत तुम्ही सलग कामावर होतात कशावरून? सेवापुस्तकाची पहिली पानं तर वाळवीनं खाल्लेली.

न्यायाधिकरणात केस चालवत होती त्यांची भाची, वकील अदीबा. “मामू, हजेरीपट, पगाराचा कागद, काहीपण चालेल. एक तर द्या.”

“नाही गं काही,” मजीद म्हणाले. पण म्हणता म्हणता त्यांची नजर भिंतीवरच्या डिग्रीच्या फ्रेमकडं गेली आणि झटक्यात परत आली.

नजमाबींनी ती नजर बरोबर टिपली. दुपारी नवरा घोरायला लागल्यावर त्यांनी फ्रेम उतरवली, मागचा पुठ्ठा काढला. आत घडी घातलेला एक पिवळा कागद होता. संध्याकाळी अदीबासमोरच त्यांनी विचारलं, “अजी, ये क्या है?”

मजीदांचे कान लाल झाले. मार्च १९९५ची कारणे दाखवा नोटीस होती ती. फाडायची हिंमत झाली नाही आणि कुणाला दाखवायची लाज वाटली, म्हणून तीस वर्षं ती डिग्रीच्या पाठीमागं दडून होती.

झालं होतं असं, की मुंजाबा नावाचा मेंढपाळ लांडग्यानं फाडलेला मेंढा खांद्यावर टाकून आरोग्य केंद्रात आला होता. जनावरांचा डॉक्टर रजेवर, आणि मुंजाबा लेकरासारखा हुंदके देत होता. मजीदांनी मेंढ्याला बाळंतपणाच्या टेबलावर घेतलं आणि सात टाके घातले. सातवा टाका पडतोय तोच दारात तपासणीचे साहेब उभे!

अदीबा नोटीस मोठ्यानं वाचू लागली. “‘आपण दिनांक १२ ऑगस्ट १९९१पासून या केंद्रात अखंड शासकीय सेवेत असूनही, शासकीय दोरा मेंढ्यास वापरला...’” ती थांबली. “मामू! अखंड शासकीय सेवेत! सही-शिक्क्यासकट! अन् हे तुम्ही लपवून ठेवलं?”

“लोक हसतील गं.”

“हसू द्या की,” नजमाबी म्हणाल्या. “हसत हसत का होईना, देतील तर!”

सुनावणीला सरकारी वकील म्हणाले की हा कागद अर्जदाराच्या गैरवर्तनाचा आहे.

“गैरवर्तन करायला आधी नोकरीत असावं लागतं ना?” न्यायाधीशांनी विचारलं. सरकारी वकील फायलीत काहीतरी शोधू लागले. न्यायाधीशांनी चष्मा काढला. “आणि डॉक्टर, मेंढ्याचं काय झालं?”

मजीद उभे राहिले. “चार वर्षं जगला, साहेब.”

सगळे हसले. मजीदांनाही हसू फुटलं, आणि इतकी वर्षं आपण उगाच तोंड लपवलं असं त्यांना वाटून गेलं.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. २००९पासून ते जिल्हा शल्यचिकित्सक मानले जावेत आणि पेन्शन त्याप्रमाणं बसवावी, असा हुकूम झाला. हुकूम खाली उतरायला आणखी आठ महिने गेले, पण उतरला. सर्जेरावांचा फोन आला. “मजीदभाई, अभिनंदन! गुरूचा अहवाल लिहिताना हात थरथरायचा हो माझा. समाधानकारकच्या पुढं जातच नव्हता.”

“जाऊ द्या,” मजीद म्हणाले. “आता मीच तुम्हाला सीनियर आहे. माफ केलं.”

पुढच्या रविवारी ते पेढे घेऊन मुंजाबाच्या वस्तीवर गेले. म्हातारा आता काठी टेकत चालत होता.

“म्हंजी तुमी जिल्ह्याचं मोठं डाक्टर झाले?”

“व्हय. सोळा वर्षांमागंच झालो.”

“मंग तवाच नाय का सांगायचं!” मुंजाबा चिडलाच. “मागं आमच्या भनीचं, आक्काबाईचं, पोटाचं आपरेशन व्हतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात चार दिस नुस्तं लायनीत बसलो. तुमचं नाव सांगितलं असतं की!”

मजीदांनी हुकूम समजावून सांगायला तोंड उघडलं, मग विचार बदलला. “चुकलंच माझं,” ते म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा सोडायला लागले.