गल्लीच्या तोंडाशी बंद होणारी गाडी

अंकुरच्या गाडीचा दुसरा टर्बो गेला तेव्हा कांताबाईंना पहिली काळजी लागली ती रविवारची.

रविवारी सकाळी हा नातू त्यांना राजनांदगावला सिंधुताईंकडे न्यायचा. सिंधुताई म्हणजे भिलाईच्या सेक्टर दहामधली त्यांची जुनी शेजारीण. एकीच्या घरची कढई दुसरीच्या घरी सापडायची, असा तो शेजार. नवऱ्याच्या निवृत्तीनंतर त्या लेकीजवळ राहायला गेल्या, आणि कांताबाईंच्या आठवड्याला एक भोक पडलं. ते अंकुरच्या त्या लाल, बुटक्या गाडीने बुजवलं होतं. बसच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर हायवेवर टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबून जोर धरायचा, पाठीला मागून कुणी अलगद रेटल्यासारखं व्हायचं, ते कांताबाईंना फार आवडायचं. वरून मात्र त्या "हळू रे बाप्पा" म्हणत.

"आता बस झालं, आजी," अंकुर जेवताना म्हणाला. "भूषण तिसरा बसवून देऊन राहिला. तोही गेला ना, तर बेच दूंगा. ऑफिसातला शुभम घ्यायला तयार आहे."

"अन् मग?"

"मग काय, स्कूटी. ऑफिस तर इथंच, जुनवानीत आहे."

"मी स्कूटीवर बसून राजनांदगावले जाऊ?"

"व्हिडिओ कॉल करत जा ना सिंधुआजीला."

"केला होता एकदा. तिच्या नाकाच्या भोकांशिवाय मले काही दिसलं नाही."

अंकुर हसला, पण त्याचं मन हसण्यात नव्हतं. नोकरी लागल्यावर त्याने ही गाडी जुनी घेतली होती, रायपूरला नेऊन तिची ताकद वाढवून आणली होती. रोज फडक्याने पुसायचा. जीव होता त्याचा तिच्यात.

दुसऱ्या दिवशी तो हुडको वसाहतीत भूषणच्या गॅरेजला निघाला, तेव्हा कांताबाई चप्पल घालून आधीच दारात उभ्या होत्या.

भूषण मूळचा भंडाऱ्याकडचा, अंकुरचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने जुना टर्बो टेबलावर उघडून ठेवला होता. त्यातलं गोगलगायीच्या शंखासारखं घर, त्यातलं पात्यांचं चाक आणि चाकाचा बोटाएवढा दांडा, हे सगळं त्याने कांताबाईंना दाखवलं.

"हा दांडा मिनिटाले लाखावर फेरे घेते, आजी. अन् टेकलेला कशावर? कशावरच नाही. ऑइलच्या पातळ थरावर तरंगत राहते. याले वेगळं पाणी नाही थंड करायले. जे काय ते ऑइलच. ऑइल आलं नाही, की लोखंडाले लोखंड लागलंच."

"मग ऑइल कमी पडलं का?"

"तेच तर समजून नाही राहिलं. ऑइल नवं, फिल्टर नवा, पंप चांगला. पण हे पाहा." त्याने ऑइलची बारीक नळी पुढे केली. आत काळं, टणक काहीतरी चिकटलं होतं.

कांताबाईंनी नखाने खरवडून पाहिलं. त्यांचे यजमान, जानराव, सारी नोकरी स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळसा भाजायच्या भट्टीवर होते. त्यांच्या शर्टाच्या खिशातून असले कण निघायचे, आणि धुण्याच्या दगडावर त्यांची करकर व्हायची. "हा तर कोकच दिसते बावा," त्या म्हणाल्या. "बंद भट्टीत भाजल्यावानी."

"आम्हीही त्याले कोकच म्हणतो. गरम टर्बोत ऑइल थांबलं की भाजून असं होते. पण थांबते कावून?" भूषण अंकुरकडे वळला. "खरं सांग. पळवून आणतो अन् लगेच बंद करतो का?"

"अरे नाही यार, किती वेळा सांगू! घरासमोर आलो की दोन-तीन मिनिटं गाडीतच बसतो मी. मोबाइल बघतो. आजीला विचार."

"बसते खरा," आजीने साक्ष दिली. "मी उतरून हातपाय धुते, तरी हा गाडीतच."

भूषणने डोकं खाजवलं. "नवा बसवतो. अन् रविवारी मीच तुमच्यासंग येतो. पाहू, हा चालवते कसा."

रविवारी भूषण पुढे बसला, कांताबाई मागे. सिंधुताईंनी तिघांनाही पोटभर जेवू घातलं. निघताना कांताबाईंनी मैत्रिणीचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला; पुढच्या रविवारचं काय सांगावं! परतताना भूषण कान इंजिनाकडे लावून बसला होता. सगळं ठीक होतं. भिलाईत शिरल्यावर दुपारचं सेंट्रल एवेन्यू रिकामं मिळालं, तसा अंकुरचा पाय दाबला गेला आणि गाडीने पाठीला तो नेहमीचा रेटा दिला. "हळू रे बाप्पा," मागून आवाज आला.

मग त्यांची गल्ली आली. वळणावरच्या कडुलिंबाशी अंकुरने गाडी न्यूट्रल केली आणि चावी मागे फिरवली. इंजिन बंद. उतारावरून गाडी मुकाट घरंगळत निघाली, एक-एक फाटक मागे टाकत.

भूषण दचकला. "बंद पडली का?"

"नाही. केली."

"कावून?"

"गल्ली आली ना," अंकुर म्हणाला.

"गल्ली आली म्हणूनच केली," कांताबाईंनीही समजावलं. "त्यात काय एवढं?"

भूषण आळीपाळीने दोघांकडे पाहत राहिला.

त्यात खरंच काही नव्हतं. त्या गल्लीत कुणालाच त्यात काही वाटत नसे. प्लांटच्या तीन पाळ्या, आणि ओळीतल्या दर दुसऱ्या क्वार्टरमध्ये रात्रपाळी करून आलेला माणूस खिडक्यांना चादरी लावून दिवसा झोपलेला. म्हणून स्कूटर असो की मोटरसायकल, कडुलिंबाशी बंद करायची आणि उतारावरून सोडायची. हा नियम घालून दिला होता कांताबाईंनीच, नवी नवरी म्हणून क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा. जानराव भट्टीवरून भाजून यायचे, डोळा लागतो न लागतो तोच फटफटी फाटकावरून जायची. त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, एकाचा तर कान धरला. अंकुर तर त्या नियमातच चालायला शिकला होता. चपला दाराबाहेर काढतो, तशी तो चावी फिरवत असे. विचारल्यावर आठवायचं कसं?

"आणि मग दारात येऊन बसतोस मोबाइल घेऊन!" भूषण ओरडला. "बंद गाडीत! अरे, इंजिन बंद म्हणजे ऑइलचा पंप बंद. आत टर्बो तापून लाल, चाक अजून गरगर फिरतंय, अन् ऑइल जागच्या जागी भाजून राहिलं. ब्रेक-स्टिअरिंगही जड होते, ते वेगळंच! चालू कर आधी!"

गाडी फाटकासमोर येऊन थांबली. अंकुरचा हात चावीवर गेला आणि तिथेच थबकला. "शेजारची पायलताई रात्रपाळी करून आली आहे," तो हळूच म्हणाला आणि आरशातून आजीकडे पाहू लागला.

भरदुपार. गल्ली चिडीचूप. कांताबाईंच्या डोळ्यांपुढून चादरी लावलेल्या सगळ्या खिडक्या गेल्या. आणि पाठोपाठ सिंधुताईंचा हात.

"कर चालू," त्या म्हणाल्या. "मी पाहते लोकायचं."

इंजिन घुमलं. कांताबाई दार उघडून उतरल्या आणि पदर सावरत आधी समोर देवाजींकडे गेल्या. प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झालेले देवाजी बनियनवर ओट्यावर उभेच होते.

"भाऊजी, माफ करा. दोन मिनिटं आवाज होईन. नाहीतर गाडी खराब होते म्हणतात."

"होऊ द्या की वहिनी! आवाज ऐकून बरं वाटलं मले. नाहीतर तुमचा नातू भुतावानी येते. आवाज ना काही, गाडी एकदम अंगावर! कुत्रे बिथरतात अन् अर्धा घंटा भुंकतात. माह्या झोपेचं वाटोळं त्या कुत्र्यायनं केलं."

"मग बोलले कावून नाही इतके दिवस?"

"तुमच्या नियमापुढं? कान धरला होता तुम्ही माहा!"

कांताबाई हसत पुढे निघाल्या, पण पायलच्या दाराशी अडखळल्या. पायल प्लांटमध्ये क्रेन चालवायची. दार वाजवलं तर झोपमोड, न वाजवलं तर विचारायचं कसं? त्या कान देऊन उभ्या राहिल्या. आत कूलर असा घरघरत होता, की खिडकीची चौकट थरथरत होती. नातवाची गाडी इथवर ऐकूही येत नव्हती. त्यांनी एकदा हळूच कडी वाजवून पाहिली. मग जोरात. मग हाक मारली. कूलरने सगळं गिळून टाकलं.

संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरायला पायल बाहेर आली, तेव्हा कांताबाईंनी विचारलंच.

"गाडी? कोणती गाडी?" पायल जांभई देत म्हणाली. "काकू, कूलर बंद पडला तरच मी उठते. पूरी दुपार पडून राहते बघा."

टर्बो नवाच होता. दुसऱ्या दिवशी भूषणने नळी उघडून पाहिली, आत अजून कोक धरला नव्हता. पुढे सगळा उन्हाळा गेला, पोळा झाला, दिवाळीचे दिवे लागले, आणि शुभम गाडीचं विचारायचा तो विचारेनासा झाला. अंकुर आता सेंट्रल एवेन्यूवर पाय आवरतो, गल्लीत इंजिन चालू ठेवूनच शिरतो आणि फाटकासमोर गाडी तशीच गुरगुरत ठेवतो. आणि कांताबाई पूर्वीसारख्या हातपाय धुवायला पळत नाहीत. बसून राहतात. राजनांदगावात सिंधुताईंची नात भूमिका लग्नाला का नाही म्हणते, ते सांगायला त्यांना तेवढाच वेळ मिळतो. अंकुरचा मोबाइल मांडीवर पालथा पडलेला असतो.

"मग? मुलगा कसा आहे?" त्याने परवा विचारलं.

"मुलगा चांगला आहे रे, पण त्याची आई..." कांताबाई पुढे वाकल्या, मग थांबल्या. "झाला का तुहा टर्बो थंड?"

"झाला असेल आता."

"असेल काय? नीट होऊ दे," त्या म्हणाल्या, आणि मुलाच्या आईचं पहिल्यापासून सांगायला लागल्या.