दुसरी अंघोळ

दुपारी एक वाजता साप्ताहिकाच्या कचेरीतून लेकीला फोन आला. तिचा लेख घेतला होता, सोबतचं चित्र नाकारलं होतं.

"लेख छानच आहे हो," उपसंपादक म्हणाला. "पण चित्रातल्या आई नुकत्या न्हालेल्या, वर हसतायत. त्या काय काम करतात, ते वाचकाला कळायला नको? त्यांना गटारात उतरलेलं दाखवा. पाच वाजता पान छपाईला जातंय."

लेख अंघोळीवरच होता. गटारं साफ करून आई घरी आली की मागच्या दारी उभी राहते आणि बुटाने पत्र्याचा डबा वाजवते. लेक बादली घेऊन जाते, वरून पाणी ओतते. तोवर आई घरातल्या कशालाच शिवत नाही. बादली पेलायला लागली तेव्हापासून लेकीचं हे काम ठरलेलं. झेरॉक्सच्या दुकानातली हातची नोकरी सोडून ती लिहायला आणि चित्रं काढायला घरी बसली, तेव्हा शेजारची मावशी म्हणाली होती, "बरंय की! आई गटार उपसते, तू आता कागद उपस." त्यानंतर तिच्या हातची छापून आली होती फक्त खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीतली दोन माकडं. तीही बिननावाची.

आई खाटेवर केस पुसत होती. फोनवरचं सगळं तिने ऐकलं होतं.

"मग दे की काढून."

"मला तसलं नाही काढायचं, आई."

"नाही म्हटलंस तर परत बोलावतील तुला?"



आई उठली. मागच्या दारी भिजत टाकलेले कामाचे कपडे तिने पिळले आणि अंगावर चढवले. अंघोळ झाल्यावर तिने त्या कपड्यांना हात लावलेला लेकीने आजवर पाहिला नव्हता. मग बूट. मग तोंडाला फडकं. भिंतीला टेकवलेली लांब काठी हातात घेऊन ती उभी राहिली.

"फडकं तरी सोड."

"कामावर मी कधी फडक्याशिवाय गेलेय? खोटं कशाला काढतेस? आटप, गार लागतंय."

कुंपणापलीकडून मावशीने मान वर काढली. "अगो बाई! माझंही काढ गं एखादं. जरा बारीक काढ म्हणजे झालं."

"तुला बारीक करायला तिचं अख्खं खोडरबर संपेल," आई फडक्याआडून म्हणाली.

मावशी खिदळली. लेकीने मान वर केली नाही. हात भराभर चालत होता. चित्र चांगलं उतरत होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. कचेरीत ते बघताक्षणी पसंत पडलं असतं.

आईने ते लांबूनच पाहिलं. हात मागे बांधून.

"ही कोण?"

"तूच की."

"असेन बाई. या कपड्यांत मी कधी आरशापुढे उभी राहिलेय?" ती थोडा वेळ बघत राहिली. "त्या पहिल्यातली मात्र मी लगेच ओळखली होती."

"मग कुठलं पाठवू?"

"ते तुझं तू बघ. हात तुझा, पोट तुझं. मला आधी पाणी घाल."

घरात भरलेली एकच बादली उरली होती. लेकीने ती आणली. तिच्या बोटांना शाई लागली होती. आईने फडकं सोडलं, डोळे मिटले. पाणी कपाळावरून, तोंडावरून उतरलं, आणि रोजच्यासारखी ती अंग चोरून हसली.

लेकीने पहिलंच चित्र पुन्हा पाठवलं. सोबत एक ओळ लिहिली : चित्र हेच आहे; चालणार नसेल तर लेखही छापू नका.

उत्तर आलं नाही. संध्याकाळी तिने फोन केला.

"पान गेलं," उपसंपादक म्हणाला.

"माझा लेख आहे त्यात?"

"शेवटी साहेबांनी काय लावलं, मी बघितलं नाही. अंक आला की कळेलच."

शुक्रवारी दुपारी मागच्या दारी डबा वाजला. लेक बादली घेऊन गेली.

"अंक आलाय," आई म्हणाली. "स्टॉलवाला देत होता. म्हटलं, बाजूला ठेव. या हातांनी कशी घेऊ?"

"उघडून बघायला सांगायचंस ना त्याला!"

"छे! त्याने कशाला आधी बघायचं?" आईने फडकं सोडलं आणि डोळे मिटले. "घाल पाणी. मग जाऊ दोघी."

लेकीने बादली उचलली. अंक अजून स्टॉलवरच होता.