दोन्ही टोकांकडून

सोयरीक करायची म्हणजे आधी नात्यागोत्याची पाळंमुळं खणायची, हा खानदेशी माणसाचा जुना सोस. सुरतेत दोन पिढ्या लोटल्या तरी तो सुटला नाही; फक्त खणायचं काम आता हर्षदाच्या कॉम्प्युटरकडे आलं. समाजमंडळाची पोरं दारोदार नातीगोती विचारून आली आणि छायाबाईंच्या या लेकीने त्याचं जाळं विणलं. दोन नावं घातली की त्यांच्यात नातं आहे का, ते कळायचं. एका टोकापासून अख्खा समाज पालथा घालायचा नाही. दोन्ही टोकांकडून एकेक पाऊल टाकायचं आणि गाठ पडली की थांबायचं, असं ती आईला समजवायची. छायाबाई मान डोलवायच्या. कळलं नाही म्हणून लेकीचं कौतुक थोडंच थांबतं?

त्या रविवारी हर्षदाने स्वतःचं नाव घातलं. समोर योगेश पाटील. नोकरी बारडोलीच्या साखर कारखान्यात, सुट्टीला कडोदऱ्याला आईवडिलांकडे. मेळाव्यात ओळख झाली, दोनदा चहा झाला, आणि एरवी प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी ही पोर फोन वाजला की गॅलरीत पळू लागली. पाटील तर सुरतेतल्या त्यांच्या लिंबायतच्या गल्लीगल्लीत, म्हणून छायाबाईंनी फार खोदून विचारलं नव्हतं. तपासणी आपली रीत म्हणून.

उत्तर आलं: नातं आहे. हर्षदा, तिची आई छाया, आईचा भाऊ सुपडू, सुपडूचा मुलगा योगेश. मामाची मुलगी करतात, आत्याची करत नाहीत, हे समाजातलं शेंबडं पोरही सांगेल; आणि हर्षदा तर योगेशच्या आत्याची निघाली.

"आई, तुला भाऊ कुठे आहे?"

छायाबाईंनी पडद्यावरचं सुपडूचं नाव पुन्हा वाचलं. अमळनेरहून नवी नवरी होऊन त्या लिंबायतच्या खोलीत आल्या, तेव्हा कापडाच्या लूमच्या खडखडाटात झोप लागायची नाही. पाठीशी भाऊ नाही. पहिल्या राखीपौर्णिमेला दाराआड रडताना शेजारच्या सुपडूने पाहिलं. रात्रपाळी करून आलेला, केसांत सुताचे धागे. काही न विचारता त्याने हात पुढे केला. पुढे दर भाऊबीजेला तो पाटावर बसला. मग हर्षदाच्या जन्माआधीच त्याचे लूम कडोदऱ्याकडे हलले, फोननंबर बदलले आणि माग सुटला. त्यानंतर त्या चंद्राला ओवाळत आल्या. पण मंडळाच्या पोराने भाऊ किती विचारलं, तेव्हा त्यांनी बेधडक एक सांगितला होता: सुपडू. ते दिवस किती चांगले होते, असं वाटून त्यांना भरून आलं. सुपडू इतका जवळ आहे, हा आनंदही लपेना.

रक्ताचं नाहीच ना, मग तो दुवा पुसला की झालं, असं हर्षदा म्हणाली, पण आईच्या डोळ्याला डोळा न भिडवता. छायाबाईंचा जीव तुटला. तरी लेकीच्या सुखाच्या आड यायचं कसं?

"पुशी टाक," त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या.

हर्षदाने दुवा पुसून पुन्हा तपासलं. उत्तर तेच. तिने नीट पाहिलं. आईच्या बाजूचा दुवा गेला होता, पण दुसऱ्या टोकाचा शाबूत होता. कडोदऱ्याच्या दारात विचारल्यावर सुपडूनेही सांगितलं होतं: बहीण एक, छाया, लिंबायत.

छायाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"मना भाऊ शे तो."

 पुसलेला दुवा हर्षदाने परत जोडला आणि योगेशला फोन लावला. तो नेहमीसारखा हसत बोलू लागला, तसं तिने त्याला थांबवलं. 

"योगेशदादा, मामांना फोन दे. आईला बोलायचंय."