कडेची जागा

पाठ दुखत होती माझी, आणि दुकानातल्या गाद्यांवर लोळत होते आमचे हे. "ही फार मऊ, ती नुसता दगड," असं सुनावत त्यांनी अख्खं दुकान पालथं घातलं.

शेवटी विक्रेता कंटाळला. "काका, घरी दोघं जसे झोपता, तसेच झोपून बघा ना."

मी कडेला आडवी झाले. यांनी लगेच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत हातपाय पसरले आणि गुडघा माझ्या कमरेत खुपसला. पडू नये म्हणून मी पलंगाची कड घट्ट धरली.

"वा! अगदी घरच्यासारखं वाटतंय," हे डोळे मिटून म्हणाले. "हीच घेऊ."

विक्रेत्यानं माझ्याकडे पाहिलं. "काकू, पाठ कधीपासून दुखते?"

"लग्न झाल्यापासून," मी म्हटलं.