मिशीवाल्यांचा पत्ता

म्हाताऱ्या सुताराच्या घरात तीन दिवसांत अकरा भुंगेरे निघाले. खिडकीच्या काचेवर, चहाच्या गाळणीत, एक तर थेट सुनेच्या चपलेत. सुताराच्या म्हणण्याप्रमाणे मिशा एवढ्या लांब, की भुंगेरा दारात आणि मिशा स्वयंपाकघरात.

सून हसली नाही. "बाबा, लाकूड पोखरणारी जात आहे ही. अंगणातली तुती पोखरून येतायत. छपरावर पडली म्हणजे?"

लेकाने झाड तोडणाऱ्याला सांगूनही टाकलं. ती तुती सुताराच्या बायकोने लावलेली. बायको गेल्यापासून म्हातारा रोज सकाळी झाडाशीच भांडायचा. घरात दुसरं कुणी त्याच्या तोंडाला लागत नसे.

तोडणारा यायच्या सकाळी म्हाताऱ्याने तुतीवरून बोटं फिरवली. बुंध्यापासून हात पोचेल तिथवर एक भोक सापडेना. विचार करत खाटेवर येऊन टेकला, तर खाटेखालून आवाज. कर्र, कर्र. वाकून पाहतो तो तिथे ठेवलेल्या ओंडक्याखाली पिठासारखा भुसा!

ओंडका त्यानेच आणलेला, वठलेल्या झाडाचा, सालीसकट. साल ठेवून घरात वाळवलं की लाकूड तडकत नाही, हे तो चाळीस वर्षं छाती ठोकून सांगत आला होता. सुनेने पहिल्याच दिवशी ओंडक्यावर बोट ठेवलं, तेव्हा तो म्हणाला होता, "माझ्या लाकडात शिरायची किड्याची टाप आहे?"

गुपचूप बाहेर टाकला असता, तर अब्रू वाचली असती. पण झाड?

बाहेर करवतीच्या यंत्राने घरघर धरली. सुतार दारात धावला. "थांबा! भुंगेरे माझ्या ओंडक्यातले आहेत!"

"बाबा, आता ही कुठली नवी गोष्ट?" लेक म्हणाला. आयुष्यभर थापा मारल्यावर खऱ्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

मग सुताराने ओंडका ओढत अंगणात आणला आणि पटाशीने साल उचकटली. खाली नागमोडी बोगदे, आणि बारावा मिशीवाला डोळे दिपल्यासारखा बाहेर आला.

तोडणाऱ्याने यंत्र बंद केलं. "हे मेलेल्या लाकडाचे गिऱ्हाईक. जिवंत झाडात यांची डाळ शिजत नाही."

ओंडक्याचं दुसरं टोक सुनेने उचललं, आणि दोघांनी तो कुंपणापलीकडे नेऊन ठेवला.

परतताना म्हातारा तुतीपाशी थांबला.

"हसू नकोस," तो म्हणाला.