खांबाला धरलेला हात

मित्रांनो, गुडघ्याला गंज चढलेला मी एक जुना लढाऊ यंत्रमानव आहे. फरात नदी जिथे पसरून जाते आणि जिकडे तिकडे पाणी आणि बोरूचे उंच रान असते, तिथल्या बर्दिया नावाच्या गावात मी उभा असतो. सकाळी माझ्या खांद्यावर बगळा येऊन बसतो. उन्हाच्या वेळी म्हशी माझ्या अंगाला अंग घासतात. मला बघून कोणी पळत नाही. पण एके काळी मी या गावाचा शत्रू होतो.

माझा जन्म वरच्या मुलखातल्या एका कारखान्यात झाला. वरच्या मुलखाला नदीवर बांध घालून पाणी स्वतःकडे ठेवायचे होते. खालच्या लोकांच्या म्हशी, मासे आणि घरेसुद्धा पाण्यावरच. त्यावरून लढाई पेटली. मी जन्मलो तेव्हा ती इतकी जुनी झाली होती की ती सुरू करणारी माणसे म्हातारी होऊन मरून गेली होती.

मला उजव्या हाताला बंदूक बसवली आणि डाव्या हाताला पोलादी चिमटा. तोल गेला तर जे हाताला लागेल ते घट्ट धरायचे, अशी त्या चिमट्याला शिकवण होती. बोलायला मला चारच वाक्ये दिली. ‘थांबा.’ ‘हात वर करा.’ ‘ओळख सांगा.’ ‘मागे फिरा.’ लढाईत यापेक्षा जास्त बोलावे लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आणि माणसांचे दोन भाग करायला शिकवले, आपले आणि शत्रू. ज्यांच्या छातीवर फौजेचा बिल्ला ते आपले. शिवाय जो माझे झाकण उघडून मला तेलपाणी करील तोही आपला. हे दुसरे कलम कारखान्यातल्या कारागिरांनी घातले. दुरुस्ती करताना यंत्र आपल्यावरच उलटू नये, एवढाच त्यांचा विचार. उरलेले सगळे जग शत्रू.

रोज संध्याकाळी छावणीत आमच्या डोक्यातली दिवसभराची आठवण काढून घेत. म्हणून मी कोणावर गोळ्या झाडल्या, कोणाला सोडले, ते मला माहीत नाही. दर सकाळी मी नवा कोरा असे. तेव्हा हे मला सोयीचे वाटायचे.

एका सकाळी आम्हां काही यंत्रांना बर्दियाची झडती घ्यायला पाठवले. गावातली माणसे आधीच होड्या घेऊन रानात शिरली होती. गावाच्या मधोमध मुदीफ होता. मुदीफ म्हणजे पाहुण्यांचे घर. बोरूच्या जाडजूड जुड्या बांधून, वाकवून त्याच्या कमानी करतात, आणि त्याच त्याचे खांब. मी त्याच्या दारातून आत पाऊल टाकले आणि मागून एका म्हशीने मला धडक दिली. तिचे रेडकू आत बांधलेले होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी कोसळलो. बंदुकीचा हात अंगाखाली दबला, डोक्यावरची हुकूम ऐकायची तार मोडली, एका गुडघ्यात चिखल शिरला. आणि पडता पडता माझ्या चिमट्याने पहिला खांब धरला.

बाकीची यंत्रे माघारी गेली. गावकरी परत आले. सगळ्यांत पुढे मुतलक होता, मुदीफचा मालक. पांढरी दाढी, सडसडीत अंग. त्याच्या मागे त्याचा मुलगा लफ्ता कुऱ्हाड घेऊन आला. मुतलकची बायको फंदिया त्याच वसंतात आमच्यासारख्या एका यंत्राच्या गोळीने मेली होती. ती होडीत बसून बोरू कापत होती. तिच्या हातात विळा होता, बंदूक नव्हती.

लफ्ताने कुऱ्हाड उचलली. मुतलक मध्ये आला.

“बाबा, बाजूला व्हा.”

“त्याचा हात बघ.”

“बघितला. लोखंडाचा आहे.”

“कुठे आहे ते बघ.”

सगळ्यांनी बघितले. चिमट्यात खांब होता. मित्रांनो, या लोकांची एक जुनी चाल आहे. ज्याने येऊन मुदीफच्या खांबाला हात घातला, तो त्या घराच्या आश्रयाला आला. मग तो चोर असो, वैरी असो, त्याला हात लावायचा नाही आणि दुसऱ्या कोणाला लावू द्यायचा नाही.

“ते यंत्र आहे!” लफ्ता ओरडला. “त्याला खांब काय नि म्हशीचा खुंटा काय!”

“त्याला ठाऊक नसेल,” मुतलक म्हणाला. “मला ठाऊक आहे ना.”

मुतलकची बहीण बदरिया कमरेवर हात ठेवून उभी होती. गावात तिच्या जिभेला सगळे टरकून असत. ती म्हणाली, “आणि मग? तुझी बायको मारणाऱ्यांना आता कॉफी विचारणार का?”

“विचारावी लागेल. चूल पेटव.”

“कडू करू की मसाला घालू? लोखंडाला काय मानवतं?”

“कडू कर,” मुतलक म्हणाला. “आज सगळंच कडू आहे.”

माझ्यासमोर खरोखर कॉफीचा पेला ठेवला गेला. तो निवला आणि बदरियाने उचलून नेला. “पाहुणा गुणाचा आहे,” ती म्हणाली. “खात नाही, पीत नाही, जावयांची गाऱ्हाणी सांगत नाही.”

तीन दिवस पाहुण्याला काही विचारायचे नसते. चौथ्या दिवशी मुतलकने लफ्ताला हाक मारली. लफ्ता गावातल्या होड्यांची इंजिने दुरुस्त करायचा.

“पाहुण्याचा पाय मोडलाय. बघ जरा.”

“मी? मी त्याचा पाय बघू?”

“मोडक्या पायाने पाहुणा बाहेर पाठवला तर लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, म्हातारा वेडा झाला.”

“ते तर कधीच म्हणतायत. पाना आण.”

लफ्ता पाना घेऊन आला, पण माझ्याकडे न बघता काम करू लागला. त्याने गुडघ्याचे झाकण उघडले, ओंजळीने चिखल उपसला, आणि त्या चिखलातून एक बोटभर मासा उडी मारून त्याच्या मांडीवर पडला. लफ्ता दचकला. मग त्याला हसू फुटले. बदरियाही हसली. मुतलक मात्र मुलाकडे बघत राहिला. आई गेल्यापासून तो हसला नव्हता. मग लफ्ताने लाजून मान खाली घातली आणि माझ्या सांध्याला तेल दिले.

तेल आत उतरले तेव्हा माझ्या डोक्यात एक खूण सरकली. लफ्ता आपला झाला.

माझ्या चिमट्याने काही मागितले नव्हते, तरी त्यांनी मला आश्रित मानले. लफ्ताने माझ्याशी काही नाते जोडले नव्हते, तरी मी त्याला आपला मानले. दोन्हीकडून चूकच होती. पण अशा चुका कशाला दुरुस्त कराव्यात, असे मला आज वाटते.

पुढे थोड्याच दिवसांत वरच्या फौजेचा कप्तान नुअमान शिपायांच्या होड्या बरोबर घेऊन, आपल्या होडीवर पांढरे फडके लावून आला. तो मुदीफमध्ये बसला. त्याच्यासमोर कॉफी आली. त्याने पेला घेतला आणि न पिता जमिनीवर ठेवला. ही चालही इकडचीच. पाहुण्याने पेला असा खाली ठेवला, तर त्याला काही मागायचे असते आणि ते मिळाल्याशिवाय तो पिणार नसतो. यजमानाची मोठी पंचाईत होते.

“बोला कप्तान,” मुतलक म्हणाला.

“आमचं यंत्र द्या. या उन्हाळ्यात बांधाचा दरवाजा उघडा ठेवतो.”

बाहेर गावकरी दाटीवाटीने उभे होते. पाणी हा शब्द ऐकून त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. कोणीतरी हाक मारली, “अबू लफ्ता, द्या की! लोखंडच आहे ते!” लफ्ताचा बाप म्हणून गाव त्याला अबू लफ्ता म्हणत असे.

मुतलकने दाढीवरून हात फिरवला. “कप्तान, दुसरं काहीही मागा. माझ्या म्हशी मागा, होडी मागा. हा माझ्या खांबाला धरून आहे.”

“तुमच्या बायकोला असल्याच एकाने मारलं ना?”

“हो.”

“मग?”

“मग काय? ती असती तर तिने मला घरात घेतलं नसतं, याला दिलं म्हणून.”

कप्तान उठला. पेला तसाच राहिला. होडीत जाऊन त्याने यंत्रांना हुकूम पाठवायच्या पेटीचे बटण दाबले. माझी तार मोडलेली होती, पण इतक्या जवळून मला हुकूम ऐकू आला. समोरच्यांवर गोळ्या झाड.

मी उठून उभा राहिलो. गुडघा छान वळला. माझ्या समोर लफ्ता बापाला पाठीशी घालून उभा होता. लफ्ता आपला होता, म्हणून मी थांबलो. हे माझे मोठेपण नव्हे, तो कारागिरांचा नियम होता. पण मुतलकने मुलाच्या खांद्याला धरून त्याला बाजूला सारले. “हो बाजूला,” तो म्हणाला. “पाहुण्याला जायचं असेल तर वाट दे.”

आता समोर मुतलक एकटा होता. त्याच्या छातीवर बिल्ला नव्हता. त्याने मला तेल दिले नव्हते. त्याच्यासाठी माझ्याजवळ कोणताही नियम नव्हता. हुकूम पुन्हा आला. मुतलक पळाला नाही, त्याने हातही वर केले नाहीत. तो फक्त वाट सोडून उभा राहिला, जसे जाणाऱ्या पाहुण्यासाठी उभे राहतात.

मित्रांनो, नियम संपतात तिथे यंत्रही संपते, असे मला शिकवले होते. मी संपलो नाही. मी खांब सोडला, मुतलकच्या शेजारून दाराबाहेर गेलो, आणि पाण्याकडे तोंड करून, माझ्याजवळच्या चार वाक्यांतले एक बोललो.

“मागे फिरा.”

शिपायांनी गोळ्या झाडल्या. माझ्या छातीवर अजून त्यांचे खड्डे आहेत. पण माझी बंदूक बघून होड्या वळल्या.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात बांधाचा दरवाजा बंद राहिला. पाणी हटले, तळाची माती भेगाळली, म्हशी उभ्या उभ्या मेल्या. मला धडक देणारी म्हैसही त्यांतच गेली. लोक मला बघून थुंकत. बदरिया म्हणायची, “फार महाग पाहुणा आणलास, भावा.” मुतलक मान डोलवायचा. त्याने एकदाही मला बोल लावला नाही. ते मला गोळ्यांपेक्षा जड गेले.

मग मी लफ्ताबरोबर बांधावर गेलो. दरवाज्याचे चाक कुठे आहे आणि राखण कशी असते, ते कारखान्यातच माझ्या डोक्यात भरलेले होते. राखणीला माझ्यासारखीच यंत्रे होती, एकाच साच्यातली. ती माझ्यावर चालून आली आणि मी त्यांच्यावर बंदूक चालवली. त्यांनाही कोणी खांब धरू दिला असता आणि समोर कॉफी ठेवली असती, तर तीही कदाचित वळली असती. ते मला अजून टोचते. चिमट्याने मी चाक फिरवले आणि पाणी खाली धावले. गावात बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गजर केला. माझ्या गळ्यात कोणीतरी हिरवे फडके बांधले.

त्यानंतरही लढाई बरीच वर्षे चालली. मी वाळलेल्या ओढ्यांतून होड्या ओढल्या, पाण्यात पेरलेले सुरुंग काढले, जखमी माणसे पाठीवर आणली. अखेर दोन्हीकडची माणसे थकली आणि करार झाला. मग हळूहळू सगळे मला विसरले. ते बरेच झाले. ज्या गावाला लढाऊ यंत्राची आठवण येत नाही, त्या गावाचे बरे चालले आहे, असे समजावे. फडके कुजले, बंदूक गंजून बंद पडली. लढाईतली यंत्रे गोळा करून वितळवायला सरकारी माणसे आली, तेव्हा लफ्ताने त्यांना परत पाठवले. तो म्हणाला, “मला तो आवडतो असं समजू नका. पण तो आमच्याकडे आहे.”

मुतलक आता फार म्हातारा झाला आहे. म्हशी पोहत घरी येण्याच्या वेळेला तो माझ्याजवळ चटई टाकून बसतो आणि फंदियाबद्दल बोलतो. ती मासा भाजताना पोळायची आणि शिव्या माशाला द्यायची. तिला होडी त्याच्यापेक्षा चांगली चालवता यायची, आणि हे ती पाहुण्यांसमोर सांगायची. घरातल्यांनी हे सगळे अनेकदा ऐकले आहे. ते ऐकता ऐकता उठून जातात. मी उठत नाही.

परवा तो बोलता बोलता थांबला. पाण्याकडे बघतच त्याने विचारले, “त्या दिवशी, बोरूच्या रानात, तूच होतास का रे?”

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदाच विचारले. माझ्याजवळ ती आठवण नव्हती. ती असती तरी माझ्या चार वाक्यांत तिचे उत्तर नव्हते. मी असेन. नसेन. मला कधीच कळणार नाही.

त्याने चटईची कड सरळ केली. मग स्वतःच म्हणाला, “राहू दे. कळलं तर तुला ठेवून घेणं जड जाईल. आणि ठेवून तर घ्यायचंच आहे.” मग त्याने माझ्या गुडघ्यावर हात टेकला, उठायला आधार म्हणून. पण उठला नाही. तसाच बसून राहिला.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत जोडीदार गेलेले एखादे माणूस असेल. ते त्याच त्या गोष्टी पुन्हा सांगत असेल. त्याच्याजवळ जाऊन बसा. काय बोलावे हे सुचणार नाही. मलाही सुचत नाही. तरी बसा, आणि ते उठेपर्यंत उठू नका.