दिसलेला ठोका

“चुकला,” धाकट्या भावाने बोटांनी सांगितलं. “तिसऱ्या फेरीत एक ठोका कमी पडला.”

विंगेत दिव्यांच्या टेबलाशी बसलेल्या ताईने त्याला हातानेच थांबायची खूण केली. समोर ढोल घेऊन बसलेल्या वडिलांनी मान वर केली.

“काय म्हणतोय तो?”

“काही नाही, बाबा. पुन्हा एकदा घेऊ.”

“मी विचारतोय, काय म्हणतोय?”

तिने सांगितलं. सांगायलाच लागलं, कारण चूक सहाही नाचणाऱ्यांनी पाहिली होती. ढोलाला चिकटवलेल्या पट्टीपासून रंगमंचाच्या कडेच्या दिव्यांपर्यंत तिने वायर ओढली होती. जड ठोक्याला लाल दिवा लागे, हलक्याला पांढरा. ऐकू न येणारी ती सहा जणं, त्यांत धाकटाही, त्या दिव्यांच्या तालावर पाय टाकत. तिसऱ्या फेरीत लाल दिवा लागलाच नव्हता.

दोन वर्षं खपून तिने हे जमवलं होतं. संध्याकाळी पहिला प्रयोग होता. ढोलासाठी वडिलांना गळही तिनेच घातली, कारण तसा हात आसपास कुणाचा नव्हता. त्या हाताने घरातही कमी वाजवलं नव्हतं. धाकटा चार वर्षांचा असताना त्यांनी त्याच्या कानाशी ढोल बडवला आणि तो वळला नाही म्हणून त्यालाच बडवलं. पुढे ते तावातावाने येताना दिसले, की ताई खोलीतल्या दिव्याची दोनदा उघडझाप करायची. धाकटा पलंगाखाली शिरायचा. दिव्यांची विद्या ती अशी शिकली.

“हा बहिरट मला ताल शिकवणार?” वडील उठले. माईकचा लोखंडी स्टँड त्यांच्या हातात आला आणि पहिला दिवा फुटला. मग दुसरा, तिसरा. नाचणाऱ्या मुली भिंतीशी सरकल्या. धाकटा मात्र उरलेले दिवे वाचवायला वडिलांकडे पाठ करून वाकला.

स्टँड त्याच्या डोक्यावर उगारलेला ताईला दिसला. ओरडून उपयोग नव्हता. तिने मुख्य खटका दोनदा खाली-वर केला.

धाकटा विचार न करता बाजूला लोळला. स्टँड फळीत रुतला. वडिलांचा तोल गेला, आणि धाकट्याने तो उपसून त्यांच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज त्याला नाही, वडिलांना आणि ताईला ऐकू आला. दुसरा घाव खांद्यावरून कपाळावर घसरला. वडील गुडघ्यांवर आले, कपाळातून रक्त डोळ्यांत उतरलं होतं. धाकट्याने स्टँड दोन्ही हातांनी डोक्यावर नेला.

ताईने सगळे दिवे घालवले.

काळोखात तिला वडिलांचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि धाकट्याच्या घशातून निघणारा एक ओबडधोबड आवाज, जो तिने लहानपणानंतर ऐकलेला नव्हता. त्याला आता ना दिसत होतं, ना ऐकू येत होतं. आपण त्याला कुठे टाकलं, हे तिला कळत होतं. तरी तिने खटका धरून ठेवला. लोखंड फळीवर आपटल्यावरच एक दिवा लावला. धाकटा रिकाम्या हातांनी बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

व्यवस्थापकाने वडिलांना हॉस्पिटलमध्ये नेलं. “प्रयोग रद्द करू या,” तो म्हणाला.

“रद्द करायचा नाही,” ताई म्हणाली.

संध्याकाळी ढोलाची जागा रिकामी होती. उरलेले पाच दिवे तिने बटणं दाबून हाताने लावले. वडिलांचा प्रत्येक ठोका तिच्या अंगात होता, मागायला गेली नव्हती तरी. सभागृहात फक्त पायांचा आवाज होता. लोक उभे राहिले तेव्हा धाकट्याने वाकून नमस्कार केला आणि तिला न भेटता मागच्या दाराने निघून गेला.

सकाळी ती हॉस्पिटलमध्ये गेली. वडिलांचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, डोळा सुजून मिटलेला. डॉक्टर कागद घेऊन उभे होते.

“असं कसं लागलं, आजोबा? कुणी मारलं का?”

ताईने वडिलांकडे पाहिलं.

“छे,” वडील भिंतीकडे बघत म्हणाले. “जिन्यावरून पडलो.”

आई दर वेळी डॉक्टरांना हेच सांगायची. ह्याच दोन शब्दांत, असंच भिंतीकडे बघत. वडील तेव्हा शेजारी उभे असायचे.

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि कागद ताईपुढे धरला. तिने सही केली. नात्याच्या रकान्याशी पेन थोडं थांबलं. मग तिने ‘मुलगी’ असं लिहिलं आणि वडिलांच्या अंगावरून घसरलेली चादर वर ओढली.